संगणकाचे विरजण

दही लावायचं म्हटलं की आधी चमचाभर दही घरात असावं लागतं. नसलं तर वाटी घेऊन शेजारी जावं लागतं. संगणकाची गत याहून वेगळी नाही. कळफलकावर कुठलं बटण दाबलं गेलं, पडद्यावर अक्षर कसं उमटवायचं, डिस्कवर काय कुठे ठेवायचं, हे सारं सांभाळणारा जो मोठा आज्ञासंच असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. ती यंत्राच्या डिस्कवर चढवायची तर यंत्राला आधी डिस्कवर लिहिता आलं पाहिजे. आणि ते काम करणारी कार्यप्रणाली तर अजून आत गेलेलीच नाही! मग पहिलं विरजण आणायचं कुठून?

स्वतःच्या बुटाची पट्टी ओढून स्वतःलाच वर उचलणाऱ्या माणसाची गंमत इंग्रजीत सांगतात. त्या पट्टीला बूटस्ट्रॅप म्हणतात. संगणक 'बूट झाला' असं आपण म्हणतो, ते त्यावरूनच. आयबीएम कंपनीच्या ७०१ या १९५२ सालच्या यंत्रावर 'लोड' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की भोकं पाडलेल्या कार्डांवरून किंवा चुंबकीय फितीवरून यंत्र आज्ञांचा पहिला घास आत घेई, आणि त्या पहिल्या घासाच्या जोरावर पुढचे घास घेई.

सगळ्याच यंत्रांचं नशीब असं नव्हतं. १९७५ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की या शहरी, आल्टेअर ८८०० नावाचा छोटा संगणक निघाला. त्याला ना कळफलक, ना पडदा. समोर नुसती खटक्यांची रांग. खटका वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. या यंत्रासाठी पॉल ॲलन आणि बिल गेट्स या दोघा तरुणांनी बेसिक ही भाषा तयार केली, आणि ती कागदी फितीवर घेऊन ॲलन विमानाने अल्बुकर्कीला निघाला. विमान उतरू लागलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की फीत आत ओढून घेणाऱ्या आज्ञा लिहायच्याच राहून गेल्या आहेत. म्हणजे दूध तापवून तयार, पण विरजणाचा पत्ता नाही! त्याने त्या आज्ञा विमानातच कागदावर उतरवल्या आणि मग खटके वर-खाली करून एकेक आज्ञा यंत्रात भरली. फीत वाचून झाली, टेलिटाइप खडखडला आणि पहिली ओळ छापली गेली. ती होती एक प्रश्न: स्मृती किती आहे?

बेसिक ही काही कार्यप्रणाली नव्हे, हे खरं. पण हा प्रश्न ध्यानात ठेवा. यंत्राने विचारावं आणि माणसाने समोर बसून सांगावं, ही रीत पुढे बरीच वर्षं टिकली. १९९३ साली लिनक्सचा स्लॅकवेअर हा संच निघाला, तो चोवीस फ्लॉप्यांवर. एक घाला, ती काढा, दुसरी घाला. आणि मध्ये मध्ये प्रश्न: भाषा कोणती, कळफलक कोणता, डिस्कचे भाग किती, परवलीचा शब्द काय?

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी आपल्या शाळेतली संगणकाची खोली डोळ्यांपुढे आणावी. दहा यंत्रं आहेत आणि सुट्टीत सगळ्यांना 'फॉरमॅट मारायचा' आहे. पहिल्या यंत्राला आपण नीट विचार करून उत्तरं देतो. सातव्यापर्यंत डोळे मिटू लागतात. आठव्याला घड्याळाचा प्रदेश चुकतो, नवव्याला डिस्कचा एक भाग लहान पडतो. सगळी यंत्रं दिसायला सारखीच. सहा महिन्यांनी नववं यंत्र 'जागा नाही' म्हणून अडून बसतं, तेव्हा कारण कुणालाच सांगता येत नाही. माझ्या मते यात वेळ जातो हे दुःख लहान. दहा यंत्रं दहा तऱ्हेची होतात हे मोठं.

यातून सुटायला दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या: एक तार आणि एक उत्तरपत्रिका.

तारेची गोष्ट आधी. १९८५ साली बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी नावाचा एक शिरस्ता लिहून प्रसिद्ध केला. ज्या यंत्राला स्वतःची डिस्कच नाही, त्याला तारेवरून जागं कसं करावं, हा त्यातला मुद्दा. अशा यंत्राला आपला पत्ता ठाऊक नसतो. पण तार जिथे जोडतात त्या कार्डावर कारखान्यातच एक क्रमांक घातलेला असतो. लग्नघरी दिलेल्या पातेल्यावर आपलं नाव घातलेलं असतं तसा. यंत्र तारेवर हाक मारतं: मी अमुक क्रमांकाचं, मला कुणी पत्ता देईल का? जाळ्यातलं दुसरं एखादं यंत्र उत्तर देतं: हा तुझा पत्ता, आणि तुझी पहिली फाईल अमक्या ठिकाणी आहे, ती घेऊन ये. शेजारच्या घरून वाटीभर विरजण आणावं, तसंच हे. पुढे १९९३ साली डीएचसीपी हा अधिक सोयीचा शिरस्ता आला, आणि १९९९ साली इंटेल कंपनीच्या पीएक्सईची २.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तेव्हापासून साध्या संगणकालाही ही हाक मारता येऊ लागली.

उत्तरपत्रिका याच सुमारास आकाराला आली. सन कंपनीची जंपस्टार्ट, मायक्रोसॉफ्टच्या १९९६ सालच्या एनटी ४.० मधली उत्तरांची फाईल, रेड हॅटची किकस्टार्ट, नंतर डेबियनची प्रीसीड. नावं निराळी, कल्पना एकच. यंत्र जे विचारणार, त्याची उत्तरं साध्या मजकुराच्या फाईलमध्ये आधीच लिहून ठेवायची. किकस्टार्टची फाईल उघडलीत तर एका ओळीत भाषा, एकीत कळफलक, एकीत घड्याळ दिसेल. घड्याळाच्या ओळीत मुंबई शोधू नका. साऱ्या भारताला तिथे 'आशिया/कोलकाता' हीच खूण आहे. मग डिस्क पुसायची आणि तिचे भाग पाडायचे ओळ, कोणत्या वस्तू चढवायच्या त्यांची यादी, आणि शेवटी करायची बारीकसारीक कामं. दहा यंत्रं सुरू करून तुम्ही चहाला गेलात तरी चालतं.

जर्मनीत कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी १९९९ साली एफएआय हा असाच संच सुरू केला. २००० साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या महासंगणक केंद्रात रॉक्स हा प्रकल्प निघाला. त्या मंडळींचा विचार जरा धीट होता. शेकडो यंत्रांपैकी एक बिघडलं तर कुठे काय चुकलं ते शोधत बसू नका. उत्तरपत्रिका हाताशी आहे, सारं पुसून नव्याने चढवा.

पुसणं इतकं सोपं झालं, हीच धास्तीचीही गोष्ट आहे. मे २०१४ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील एमरी विद्यापीठात विंडोज ७ चढवण्याचा हुकूम चुकून सगळ्या विंडोज यंत्रांना सुटला. लॅपटॉप, मेजावरची यंत्रं, काही सर्व्हरसुद्धा पुसले जाऊ लागले. प्रकार लक्षात येताच हुकूम सोडणारा सर्व्हर बंद करण्यात आला; पण तोवर तो स्वतःच पुसला गेला होता! विद्यापीठाने हे उघडपणे जाहीर केलं, हे त्यांचं मोठेपण. हाताने एकेक यंत्र करणारा दमलेला माणूस एका वेळी एकच यंत्र पुसू शकतो.

म्हणून शाळेत हा प्रयोग करायचा तर आधी एका रिकाम्या, जुन्या यंत्रावर करा, आणि बाकीच्यांच्या तारा काढून ठेवा. सुरू होताना यंत्र आधी तारेकडे पाहतं की डिस्ककडे, तेही तपासा. नाहीतर काम संपवून पुन्हा सुरू झालेलं यंत्र परत हाक मारील आणि परत पुसून घेईल. उत्तरपत्रिका कोऱ्या पानावरून लिहिण्याचीही गरज नाही. रेड हॅटची प्रणाली एकदा हाताने चढवली की तुम्ही दिलेली सारी उत्तरं ती आपणहून एका फाईलमध्ये लिहून ठेवते. तिचीच प्रत काढायची. जुन्या आवृत्त्यांत या फाईलमध्ये डिस्क पुसण्याच्या आणि भाग पाडण्याच्या ओळींपुढे एक खूण घातलेली असे, म्हणजे यंत्र त्या ओळी वाचून सोडून देई. ती खूण माणसाने स्वतःच्या हाताने खोडावी लागे.