ट्रॉलीचा गंज
खतातील क्षारांमुळे ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या पोलादी पत्र्याचे होणारे ऑक्सिडीकरण (पहा : गंजणे). थंड देशांत बर्फासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ वाहने पोखरते. नांदेड-लातुरात बर्फ नाही, पण ट्रॉलीतून येणारे म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच (पहा : खते). हवा कोरडी असताना गंज कुठला, हा आक्षेप पावसाळ्यापुढे टिकत नाही : सांध्यात अडकलेले खत सुमारे 85 टक्के आर्द्रतेला पाणी ओढून विरघळते आणि क्लोराइड रंगाखाली शिरते. फाळक्याच्या बिजागरीशी रंग फुगतो तो त्यामुळे. वरून नुसता रंग मारणे म्हणूनच फुकट. आधी ट्रॉली धुऊन वाळवावी, तारेच्या ब्रशने पत्रा उघडा करावा, मग रेड ऑक्साइड व ऑइलपेंट द्यावा. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात धुणे चैनीचे वाटेल. पण आधी कोरडे झाडले की थोडे पाणी पुरते. भोक पडल्यावर मात्र वेल्डिंगच.