इब्न नफीस आणि श्वासाची वाट

शाळेत आम्ही पाठ केले, रक्ताभिसरणाचा शोध विल्यम हार्वे यांनी १६२८ साली लावला. जलशांतल्या तकरिरींतून ऐकले, सगळे शोध आपल्याच बुजुर्गांचे. इब्न नफीस हे नाव मात्र दोन्हीकडे कानावर पडले नाही.

दमास्कसला हकिमी शिकलेले इब्न नफीस पुढे कैरोत स्थायिक झाले. १२८८ मध्ये तिथेच त्यांचा इंतकाल झाला. आपले घर आणि किताबखाना त्यांनी तिथल्या मन्सूरी इस्पितळाला दिला होता. १२४२ साली त्यांनी इब्न सीनांच्या ‘अल-कानून’मधील शरीररचनेवर भाष्य लिहिले. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्याच्या छिद्रांतून डावीकडे झिरपते, असे ग्रीक वैद्य गॅलेन सांगून गेला होता आणि हजार वर्षे ते प्रमाण होते. इब्न नफीस यांनी लिहिले की पडदा जाड आहे. त्यात दिसणारी छिद्रे नाहीत आणि गॅलेन म्हणतो तशी न दिसणारीही नाहीत. रक्त फुप्फुसांत जाते, तिथे पसरते, हवेत मिसळते आणि मग डाव्या कप्प्यात येते. ज्यांच्या ग्रंथावर भाष्य करायचे त्यांच्याशीच असहमत व्हायचे, याला हिंमत लागली असणार. युरोपात हेच सर्व्हेटसने छापले ते १५५३ मध्ये.

पण फुशारकी नको. हवा आणि रक्त मिळून डाव्या कप्प्यात ‘रूह’ तयार होते, अशी त्यांची समजूत होती. फुप्फुसातल्या केसासारख्या रक्तवाहिन्या इटलीच्या माल्पिघीला १६६१ मध्ये बेडकात दिसल्या, तर ऑक्सिजन अठराव्या शतकात सापडला. वायुकोशाच्या अतिशय पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे त्यानंतरचे ज्ञान. हवा आणि रक्ताची गाठ कुठे पडते, ती जागा मात्र त्यांनी बरोबर ओळखली होती.

आम्हाला बोचते ते वेगळेच. त्यांचा ‘मूजज’ हा संक्षेप हिंदुस्थानात छापला गेला, युनानी हकिमांनी तो पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला. पण त्यात शरीररचनेचा भागच नव्हता. तो भाग ज्या भाष्यात होता, त्याची हस्तलिखिते कपाटांत राहिली. १९२४ मध्ये मुहियुद्दीन ततावी या इजिप्शियन डॉक्टरांनी जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला, तो बर्लिनच्या ग्रंथालयातली प्रत वाचून. परीक्षकांना नवल वाटले. कैरोत राहणारे जर्मन डॉक्टर मायरहोफ यांच्याकडे प्रबंध पाठवला गेला आणि त्यांच्या लेखांतून ही गोष्ट जगाला कळली. ततावींचा प्रबंध टंकलिखितच राहिला.