सहलीचे अल्बम अभ्यासाला घेताना

सहलीहून परतलेला माणूस जे सांगतो आणि जे फोटो दाखवतो त्याचा अभ्यास करायचा, असे म्हटले की लोक आधी हसतात. प्रवासवर्णन वाङ्मयप्रकार म्हणून प्रतिष्ठित आहे. वसंत सावंतांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, प्रबंधही पुष्कळ झाले. पण यात्रेच्या खर्चाची वही, ‘सुखरूप पोचलो’ एवढेच कळवणारे पोस्टकार्ड आणि ताजमहालासमोर उन्हाने डोळे बारीक करून उभे राहिलेले काका-काकू, यांत अभ्यासण्यासारखे काय आहे? या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला मला एवढेच सांगायचे आहे की खरा ऐवज इथेच आहे. आपण काही थोर लिहितो आहोत असे ज्याला वाटत नव्हते त्याच्या टिपणात, आणि चौकटीत काय काय शिरले आहे हे ज्याने पाहिलेच नव्हते त्याच्या फोटोत, काळ जास्त सापडतो.

ही सवय आपल्याकडे जुनी आहे. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात महाराष्ट्रभर हिंडले. ते कुठे थांबले, तिथल्या देवळाचे दार कोणत्या दिशेला होते, नदी कोणत्या अंगाला होती, अशा नोंदी महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त आहेत. भक्तांनी त्या श्रद्धेपोटी जपल्या. आज त्याच नोंदी मध्ययुगीन महाराष्ट्राच्या भूगोलाचे साधन झाल्या आहेत. देऊळ सुंदर होते का, याबद्दल पोथी गप्प बसते. दार कुठे होते ते मात्र सांगते. नव्या अभ्यासकाने सुरुवातीलाच हा कोरडेपणा आवडून घ्यावा.

मी राहतो त्या शिरवण्यावरून पनवेलकडे जाणारा रस्ता पुढे गोवा महामार्गाला मिळतो. त्या वाटेवर पेण, आणि पेणच्या आतल्या अंगाला वरसई. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यासोबत उत्तरेत निघाले ते काही बंड पाहायला नव्हे. घरावर कर्ज होते, आणि मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, अशी बातमी होती. वाटेत बंडाने गाठले, झाशीच्या वेढ्यात अडकले, मिळवलेले लुटले गेले. अखेर गंगेचे पाणी तेवढे घेऊन घरी आले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहून काढल्या आणि ‘माझा प्रवास’ या नावाने त्या १९०७ साली छापल्या गेल्या.

इतिहासकार या पुस्तकात झाशीची राणी शोधतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र भटजींची नजर अधिक मोलाची वाटते, कारण ती शेवटपर्यंत भिक्षुकाचीच राहते. पूजाअर्चा कशी चाले, दानधर्म कसा होई, ब्राह्मणांच्या पदरात काय पडले, हे ते आधी पाहतात. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेली राणी भेटते तो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. तिथेही लक्षात राहते ते मातीचे भांडे. हा विद्वान ब्राह्मण, याने आपल्यासाठी पाणी काढू नये, म्हणून राणी ते स्वतः विहिरीत सोडते आणि ओंजळीने पाणी पिते. पराभवाचे वर्णन करायला बसलेल्या लेखकाने इथे आकाश, धूळ, नशीब असे बरेच काही आणले असते. भटजींना भांडे दिसले.

याच पुस्तकातून अभ्यासपद्धतीचा पहिला धडाही मिळतो. वैद्यांनी छापताना मजकुरावर हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली प्रत १९६६ साली आली. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. प्रवाशाचे शब्द कोणते आणि संपादकाचा सभ्यपणा कोणता, हे ओळखण्याची सवय तिथे लागते, आणि घरगुती अल्बम चाळताना तीच कामी येते. अल्बमलाही संपादक असतोच. कुणीतरी काही फोटो काढून टाकलेले असतात, आणि रिकाम्या जागी चिकटपट्टीचा पिवळा डाग उरलेला असतो.

परदेशाच्या वाटेवर आपल्याकडच्या बायका फार लवकर निघाल्या, ही मराठीची कमाई आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तिथून अमेरिकेला. अमेरिकेवरचे त्यांचे पुस्तक १८८९ साली निघाले. ते आजही ताजे वाटते, कारण थक्क होण्यात त्या पाने घालवत नाहीत; शाळा कशा चालतात, बायकांना काय करता येते, घरे कशी असतात, हे विचारत राहतात. आनंदीबाई जोशींचा फिलाडेल्फियातल्या वैद्यकीय महाविद्यालयातला एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यावर १० ऑक्टोबर १८८५ ही तारीख आहे. जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबुली आणि आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. हा फोटो गौरवाने छापला जातो. अभ्यासकाने जरा थांबून विचारावे, की हा पोशाख त्या दिवशी कुणाला दाखवण्यासाठी होता? स्वागतसमारंभ महाविद्यालयाचा, कॅमेरा तिकडचा, फोटो पाहणारेही तिकडचेच. म्हणजे आपण त्यांच्याकडे पाहायला गेलो तेव्हा तेही आपल्याला पाहत होते, आणि आपल्याकडचा परदेशातला हा सर्वांत ओळखीचा जुना फोटो प्रवाशाने काढलेला नाही, प्रवाशाचा काढलेला आहे.

अनंत काणेकर, गंगाधर गाडगीळ, पु. ल. देशपांडे ही परंपरा वाचकाला ठाऊक असेलच, म्हणून तिच्यावर इथे रेंगाळत नाही. एक तक्रार मात्र नोंदवतो. १९६० साली ‘अपूर्वाई’ आली, शि. द. फडणीसांच्या चित्रांसह, आणि मराठी माणसाला परदेशात कसे गोंधळावे याचा नमुनाच मिळाला. त्यानंतरच्या हौशी टिपणांत काटा-चमच्याची फजिती आणि चहाची आठवण इतक्या नेमाने येते, की ती लिहिणाऱ्याला खरोखर आली की पुलंकडून आली हे सांगता येत नाही. दोष पुलंचा नाही. पण अशा जागा आल्या की अभ्यासकाने पान उलटावे आणि हिशेबाच्या नोंदींकडे वळावे. हिशेबात कुणी पुलंची नक्कल करत नाही.

आता फोटोंकडे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथले एक आघाडीचे छायाचित्रकार. पण कॅमेरा मध्यमवर्गाच्या खांद्याला लागायला पुढे शंभर वर्षे गेली. आपल्या घराघरांतल्या चौकोनी, काळ्या-पांढऱ्या फोटोंचा कर्ता बहुतेक वेळा आग्फा क्लिक थ्री. एका रिळात बारा फोटो. अष्टविनायकाला निघालेल्या घराला आठ गणपती आणि उरलेले चार, असा हिशेब करावा लागे. म्हणून त्या फोटोंत सगळे ताठ उभे असतात. हलले तर रिळाचा बारावा हिस्सा वाया. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवे हा नियम, म्हणून सगळ्यांचे डोळे मिटल्यासारखे. पुढे छत्तीस फोटोंचे रंगीत रीळ आले आणि माणसे हसायला लागली. स्वभाव बदलला असे समजू नये, रीळ स्वस्त झाले.

शिरवणे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. एका अंगाला सायन-पनवेल महामार्ग, दुसऱ्या अंगाला हार्बरची रेल्वे, मध्ये गावठाण. इथल्या घरांतल्या अल्बममध्ये हमखास सापडतो तो कार्ल्याचा फोटो, एकवीरा आईच्या दर्शनाचा. असा एक फोटो समोर ठेवून पाहू. पुढे सात-आठ माणसे. बायका कासोट्याच्या लुगड्यात, केसांत अबोली. एका पोराच्या डोळ्यांवर तिथेच पायऱ्यांवर घेतलेला प्लॅस्टिकचा गॉगल, दुसऱ्याच्या हातात पिपाणी. मागे देवीचे देऊळ. आणि अगदी कडेला, अर्धा कापला गेलेला, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्याचा दगडी खांब. एकोणिसाव्या शतकातल्या साहेबांच्या फोटोंत हेच लेणे मधोमध असते आणि माणूस असलाच तर मोजपट्टीपुरता, खांब किती उंच ते कळावे म्हणून. इथे उलटे झाले आहे. लेणे कडेला गेले, माणसे मध्ये आली. पुरातत्त्ववाला या फोटोला वाईट म्हणेल. मी म्हणेन, कार्ल्याला लोक कशासाठी जातात हे या दोनांपैकी याच फोटोत नीट दिसते.

याच अल्बमांत निघण्याआधी दारात काढलेले फोटोही असतात, गाडीपाशी, नारळ फोडताना. ते फोटो सहलीचे म्हणून ठेवलेले, पण त्यांत गाव आहे. कौलारू घर, अंगणात भाताची उडवी, मागे मोकळे शेत. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, जमिनी गेल्या, पुढे त्यांच्या मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, आणि नंतरच्या फोटोंत त्याच दारासमोर गाडी आहे पण मागे चार मजली इमारत उभी. गावाचा फोटो काढावा असे तेव्हा कुणालाच वाटले नव्हते. सहलीला निघाले होते म्हणून तो निघाला. नवी मुंबईचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने सरकारी नकाशांइतकेच हे फोटो मागून घ्यावेत.

परदेश-सहलींचे फोटो वेगळ्या तऱ्हेने वाचावे लागतात. एके काळी बाहेर जाणाऱ्याच्या हाती आठ डॉलर टेकवले जात. तेव्हाचे परदेशातले फोटो बहुधा शिकायला वा नोकरीला गेलेल्यांचे. १९८४ साली केसरीसारख्या सहल-संस्था निघाल्या, पुढे परकीय चलनही सैल झाले, आणि साडीवर स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात बर्फाचा गोळा हा फोटो घरोघरी आला. डिजिटल कॅमेऱ्याच्या काळात एक गंमत ध्यानात ठेवावी: बहुतेकांनी घड्याळ बदललेले नसते. लंडनमध्ये उन्हाळ्यातल्या भर दुपारी बाराचा फोटो साडेचारची वेळ दाखवतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत तर वेळ-ठिकाणाची मूळ नोंद उरतच नाही. मूळ फाइल मागावी.

या साधनांच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. कॅमेरा ज्याच्या हाती तो फोटोत नसतो, आणि तो बहुधा घरातला कमावता पुरुष. ड्रायव्हर, आचारी, सामान उचलणारा हे क्वचितच येतात, आले तर पाठमोरे. पोटासाठी केलेल्या प्रवासाचे फोटो कुणी काढत नाही. त्यासाठी दुसऱ्या साधनांकडे जावे लागते. फोटोत काय येत नाही हे कळण्यासाठी इरावती कर्व्यांचा वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेखही जरूर वाचावा. सोबत चालणाऱ्यांत कोण कुणाबरोबर जेवते आणि कोण वेगळे बसते, हे त्यांनी पाहिले. ते कुठल्या फोटोत आले नसते.

शेवटी एक विनंती. आपल्या दमट हवेत फोटो बुरशीने जातात, ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम तर फोटो खाऊन टाकतात. येत्या रविवारी घरातला एक अल्बम काढा, फोटो अलगद सोडवा, आणि घरातले वडीलधारे माणूस शेजारी बसवून प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने चार गोष्टी लिहा: कोण, कुठे, साधारण कधी, आणि फोटो कुणी काढला. चौथी गोष्ट विसरू नका.

शिरवणे, नवी मुंबई