अन्नगुडीची लढाई : खेळ आणि कथा

तंजावरास नेमणूक झालेला मराठी अधिकारी एखाद्या रविवारी कुंभकोणमास गेला, तर तेथे काय पाहावे हे सांगावयास दहा जण पुढे येतात. महामहम् तलाव, रामस्वामीच्या देवळातील भिंतींवर रंगविलेले रामायण, बाजारातील विड्याची पाने आणि पितळेची भांडी, अशी ती यादी असते. त्या यादीत जवळच्या अन्नगुडीचे नाव सहसा नसते. वास्तविक १७८२ च्या फेब्रुवारीत या गावाजवळ जे घडले, ते मराठी माणसाने विसरावे असे नाही.

इंग्रज कंपनीचा कर्नल ब्रेथवेट हा सुमारे दोन हजारांची तुकडी घेऊन कोल्लिडम् नदीच्या या प्रदेशात तळ देऊन होता. तीत गोरे शिपाई शंभराच्या आसपास. बाकीचे सारे एतद्देशीय. टिपूने आपली मोठी फौज आणून तिला वेढा घातला. तिच्याबरोबर फ्रेंच पलटणही होती. सपाट भातशेतीत आडोसा कोठला? चौकोन करून तुकडी झुंजली, आणि १८ फेब्रुवारी रोजी तोफांसह शत्रूच्या हाती पडली. ब्रेथवेट कैद झाला.

ही लढाई आजच्या संगणकावरील नेमबाजीच्या खेळास अगदी सोयीची आहे. असे लष्करी खेळ आता घरोघरी शिरले आहेत. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा त्यांतील प्रसिद्ध खेळ २००३ मध्ये दुसऱ्या महायुद्धाचे कथानक घेऊन आला. त्यापूर्वी एक वर्ष, २००२ मध्ये, अमेरिकेच्या लष्कराने ‘अमेरिकाज आर्मी’ नावाचा खेळ स्वतःच काढून तरुणांस फुकट वाटला. सैन्यभरतीस हातभार लागावा हा त्याचा उघड हेतू होता. २०२२ मध्ये तो बंद झाला. या खेळांची रचना एका गोष्टीवर उभी असते. खेळणाऱ्याचा डोळा बंदुकीच्या मागे बसविलेला असतो. समोर दिसतो तो माणूस नव्हे, लक्ष्य. खेळणारा मेला तर पुन्हा उठतो. लक्ष्य पडले की नाहीसे होते.

या खेळांस तुच्छ लेखावे असे आम्ही म्हणत नाही. त्यांत चापल्य लागते आणि अवधानही लागते. शिवाय युद्धाचा खेळ करण्याची हौस आजची नाही. ललित लेखकासही ती सुटलेली नाही. एच. जी. वेल्स या विख्यात इंग्रज कादंबरीकाराने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून जमिनीवर शिशाचे शिपाई मांडून लढण्याचे नियम दिले. त्यात स्प्रिंगची खेळण्यातील तोफ खरोखरच लाकडी गोळे उडवी. परंतु त्याच पुस्तकाच्या शेवटी वेल्स खऱ्या युद्धाकडे वळला. आपल्या छोट्या युद्धाने मोठ्या युद्धातील मूर्खपणाच डोळ्यांसमोर आणला, असा त्याचा अभिप्राय पडला. पुढल्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले.

आता अन्नगुडीकडे पुन्हा वळू. तिचा खेळ करावयाचा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो पक्षाचा. बंदूक कोणाच्या बाजूने धरावयाची? येथेच मराठी माणसाची कोंडी होते. त्या वेळी तंजावरास तुळजाजी भोसले राज्य करीत होता. १७७३ मध्ये अर्काटचा नबाब आणि कंपनी यांनी त्याचे राज्य घेतले होते. १७७६ मध्ये कंपनीनेच ते त्यास परत दिले. म्हणून तो इंग्रजांच्या आश्रयास होता. आणि पुण्यास? तेथे नाना फडणीस इंग्रजांशी लढत होते आणि टिपूचा बाप हैदर हा त्यांचा दोस्त होता. सालबाईचा तह व्हावयास अद्याप तीन महिने अवकाश होता. म्हणजे अन्नगुडीचा विजय पुण्याच्या मराठ्यांच्या मित्राचा, आणि त्याचा घाव तंजावरच्या मराठ्यांच्या दारी!

खेळास ही गुंतागुंत परवडत नाही. पक्ष ठरल्यावाचून त्याची पहिली गोळी सुटत नाही. कथेचा आरंभ मात्र अशा कोंडीपासूनच होतो. नेम लागला की नाही, हे खेळ विचारतो. ज्यास लागला तो कोण होता, हे कथा विचारते. विश्राम बेडेकरांच्या १९३९ मधील कादंबरीचे नाव ‘रणांगण’. परंतु तीत लढाईचे मैदान नाही. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या बोटीवर एक मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली एक ज्यू स्त्री भेटतात, एवढ्यावर ते नाव सार्थ होते. खेळ रचणाऱ्यांनाही हे सत्य अलीकडे उमगू लागले आहे. २०१४ मध्ये पोलंडमध्ये निघालेल्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ या खेळात आपण शिपाई नसतोच. वेढ्यात सापडलेल्या शहरातील साधा नागरिक असतो, आणि अन्न व औषध मिळवीत जगावयाचे असते. त्यामागे साराजेव्होच्या वेढ्याची आठवण आहे.

आमच्या ऐतिहासिक कादंबरीने हा धडा घ्यावयास हवा. तिच्यातील कित्येक लढाया बंदुकीमागच्या डोळ्यानेच लिहिलेल्या असतात: नायकाची समशेर फिरते आणि नाव नसलेले गनीम पडतात. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजी राजाने भोसल्यांच्या वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. त्याच्या चार वर्षे आधी, १७९९ च्या तहाने, राज्यकारभार कंपनीच्या हाती गेलेला होता. तलवार म्यानात गेल्यावर पराक्रमाची कथा दगडावर चढली. ती आम्हांस प्रिय आहे, आणि असावी. परंतु तिच्या शेजारी दुसरी एक कथा अजून लिहावयाची आहे.

हैदरच्या स्वारीत कावेरीकाठची गावे ओस पडली, कालवे आणि बांध मोडले, भाताची शेते पडीक राहिली. त्या गावांचा हिशेब कोणा कारकुनाने मांडला असेल. तंजावरच्या दरबाराचे मोडी कागद अद्याप जतन केलेले आहेत. अन्नगुडीची कादंबरी लिहिणाऱ्याने ब्रेथवेट आणि टिपू यांना दूर ठेवून त्या कारकुनास नायक करावे. परमुलखात सरकारी चाकरी करणारा, घरी मराठी आणि कचेरीत तमिळ बोलणारा, इतरांच्या युद्धाचे नुकसान आकड्यांत लिहिणारा तो मनुष्य आमच्या वाचकांस परका वाटणार नाही.