‘यांच्या साहाय्याने’: काशीतल्या एका मराठी गणितज्ञाचं नाव कुठे छापलं गेलं

आज काशीला जायचंय. घाट, गंगा, विश्वनाथ हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, नाहीतर घरातल्या कुणा आजीकडून ऐकलं तरी असेल. मी तुम्हाला जगतगंजातल्या एका जुन्या इमारतीकडे नेणार आहे. टोकदार कमानी, उंच खिडक्या, लांबून पाहिलं तर चर्चच वाटावं. आज तिथे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय आहे. १७९१ साली जोनाथन डंकन यांनी बनारसला जी संस्कृत पाठशाळा सुरू केली, तिच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मेजर किट्टो यांनी ही वास्तू उभी केली.

इथे एक मराठी माणूस गणित शिकवायचा. बापूदेव शास्त्री. घराणं नगर जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या टोक्याचं, जन्म १८२१चा. नागपुरात असताना त्यांनी ‘लीलावती’ आणि बीजगणित शिकून घेतलं. तिथे लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेत हा मुलगा भरला आणि तो त्यांना सिहोरच्या आपल्या पाठशाळेत घेऊन गेला. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ ते तिथे शिकले, आणि १८४२च्या सुमारास काशीच्या कॉलेजात अध्यापक झाले. पुढे सीआयई, महामहोपाध्याय असे मानसन्मान मिळाले. पण आज मला त्यांचं चरित्र सांगायचं नाही. मला फक्त एवढंच पाहायचं आहे की छापलेल्या पानावर त्यांचं नाव कुठे येतं आणि कशा शब्दांत येतं.

हे का पाहायचं, ते शेवटी सांगतो. त्यात माझीही एक चूक आहे.

सुरुवात १८५८पासून करू. त्या साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये बापूदेवांचा चारेक पानांचा इंग्रजी लेख आला. विषय असा, की भास्कराचार्यांना चलन-कलनाचं, म्हणजे डिफरन्शियल कॅल्क्युलसचं तत्त्व ठाऊक होतं. साल लक्षात घ्या. देशात बंडाची आग अजून विझलेली नाही, आणि काशीतला एक शास्त्री म्हणतो आहे की न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी आमच्या ग्रंथकाराने ही गोष्ट ओळखली होती.

मुद्दा थोडक्यात सांगतो, गणिताला घाबरू नका. ग्रह आज कुठे आहे आणि उद्या याच वेळी कुठे असेल, यांची वजाबाकी केली की त्याची दिवसाची गती मिळते. भास्कराचार्य म्हणतात की ही गती स्थूल झाली. चंद्र भराभर सरकतो, त्याची गती दिवसभरातही सारखी राहत नाही, म्हणून त्या क्षणाची, ‘तात्कालिकी’ गती घ्यावी. ती काढताना ते ज्यांमधला फरक कोटिज्येच्या प्रमाणात धरतात. आज बारावीचा विद्यार्थी साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन म्हणून पाठ करतो, ते हेच. ग्रंथ १५० कमी १३०० वर्षांपूर्वीचा नव्हे, ११५० सालचा आहे, हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे अशा गोष्टींना हजार-दोन हजार वर्षं सहज चिकटवली जातात.

आता दुसरी बाजू ऐका. १८६० साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये विल्यम स्पॉटिसवुड यांनी या लेखावर एक छोटं टिपण लिहिलं. हे गृहस्थ गणिती, वर घरचा मोठा छापखाना असलेले, आणि पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झालेले. त्यांचं म्हणणं असं की बापूदेवांनी भास्कराचार्यांच्या पदरात जरा जास्तच टाकलं आहे. काळाचे आणि अंतराचे तुकडे अतिसूक्ष्म असावे लागतात, ही कॅल्क्युलसची जी मुख्य खूण, तिचा उल्लेख भास्कराचार्य करत नाहीत. आपली रीत अंदाजाची आहे असंही ते सांगत नाहीत. मात्र तेच टिपण हेही मान्य करतं की आधुनिक रीतीशी हिचं साम्य मोठं आहे आणि भास्कराचार्यांची बुद्धी थक्क करणारी आहे.

मला स्वतःला स्पॉटिसवुडांचा आक्षेप पटतो. तात्कालिक गतीची कल्पना करणं वेगळं आणि त्यातून एक संपूर्ण शास्त्र उभं करणं वेगळं. पण या प्रकरणात कोण जिंकलं यापेक्षा मला त्याची रीत आवडते. काशीच्या पंडिताने मूळ संस्कृत वचनं पुढे ठेवली, म्हणून लंडनच्या गणित्याला ती तपासता आली. खंडन झालं ते दाव्याचं झालं, दावा करणाऱ्याच्या जातीपातीचं किंवा इंग्रजीचं नाही. आणि आक्षेप घेणाऱ्याने जे खरं होतं ते कबूल करूनच लेखणी खाली ठेवली. १८६० साली, राणीच्या राज्यात, ही काही रोजची गोष्ट नव्हती.

एवढं गोड चित्र पाहून थांबू नका. आता शीर्षकपानांकडे या.

१८५९ साली ‘सूर्यसिद्धान्त’ हा ग्रंथ रंगनाथाच्या टीकेसह कलकत्त्याच्या ‘बिब्लिओथेका इंडिका’ मालेत निघाला. संपादक फिट्झएडवर्ड हॉल. हे अमेरिकन. पळून गेलेल्या भावाला शोधायला निघाले, गंगेच्या मुखाशी जहाज फुटलं, इथेच राहिले आणि संस्कृतात रमले. बनारसच्या याच कॉलेजात त्यांनी शिकवलं. माणूस मोठा विद्वान, त्यात शंका नाही. पण पानावर काय आहे? संपादक हॉल, आणि खाली, पंडित बापूदेव शास्त्री ‘यांच्या साहाय्याने’. ग्रंथ ज्योतिषाचा, गणिताचा. तेव्हा बापूदेव सतराएक वर्षं हेच शिकवत होते. कोणी किती काम केलं याची नोंद आपल्यासमोर नाही, म्हणून मी हॉल यांच्यावर आरोप ठेवणार नाही. शब्द मात्र नोंदवून ठेवतो.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६१मध्ये, त्याच मालेत आणखी एक पुस्तक येतं. त्यात ‘सूर्यसिद्धान्ता’चं इंग्रजी भाषांतर बापूदेवांचं आहे, स्वतःच्या नावाने. सोबत ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या गोलाध्यायाचं भाषांतर आहे, आणि ते कैलासवासी विल्किन्सन यांच्या नावावर आहे, बापूदेवांनी फक्त ‘सुधारून’ दिलेलं. विल्किन्सन १८४१ सालीच वारले होते. वीस वर्षं झाली होती. हस्तलिखित जुनं, त्यात दुरुस्त्या करायच्या, टिपा लिहायच्या, सगळं काशीत बसून बापूदेवांनी केलं. ते त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं असतं, तर विचारायला कोण येणार होतं? पण पुस्तक उघडून तळटिपा पाहा. ज्या टिपा विल्किन्सनांच्या त्यांच्यापुढे त्यांची आद्याक्षरं, ज्या आपल्या त्यांच्यापुढे बी. डी. एकेका टिपेची मालकी ज्याची त्याला. ज्याने लहानपणी हात धरून सिहोरला नेलं, त्याची टीप सुद्धा आपल्यात मिसळू दिली नाही. उलट आपली चूक त्याच्या माथी बसू नये, याचीही सोय झाली, हे विसरू नका.

याच सुमारास ‘सूर्यसिद्धान्ता’चं आणखी एक इंग्रजी भाषांतर अमेरिकेत छापलं जात होतं, आणि त्याचं मूळ तर आपल्या महाराष्ट्रात. रेव्हरंड एबेनेझर बर्जेस हे अमेरिकन मिशनरी नगर-साताऱ्याकडे राहिलेले. मराठी शाळांसाठी ज्योतिषाचं पाठ्यपुस्तक करावं म्हणून ते ‘सूर्यसिद्धान्ता’कडे वळले, इथल्या ब्राह्मण ज्योतिषांची मदत घेऊन कच्चा खर्डा केला आणि मायदेशी गेले. १८६०मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या जर्नलच्या सहाव्या खंडात तो आला. साडेतीनशे पानं!

पण मधल्या काळात खर्डा विल्यम ड्वाइट व्हिटनी यांच्या हाती गेला होता. येल विद्यापीठातले संस्कृतचे प्राध्यापक, सोसायटीच्या प्रकाशन समितीवरचे. त्यांनी भाषांतर तपासलं, टिपा जवळजवळ नव्याने लिहिल्या. इथेच ठिणगी पडली. व्हिटनींचं मत, हिंदू ज्योतिष मुळात ग्रीकांकडून आलेलं. बर्जेस यांचं मत, हिंदूंचा स्वतःचा वाटा त्याहून पुष्कळ मोठा. आता भाषांतरकार एक, टिपा लिहिणारा दुसरा, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. काय करायचं?

त्यांनी जे केलं ते आजही संपादकांनी पाहावं. टिपांची जबाबदारी कोणाची, हे प्रास्ताविकातच सांगून टाकलं. आणि ग्रंथाच्या शेवटी बर्जेस यांना स्वतंत्र टिपण लिहू दिलं, की वरील मतांशी मी सहमत नाही आणि माझी कारणं ही अशी. संपादकाच्या हातात कात्री होती, ती त्याने लेखकाच्या मतभेदावर चालवली नाही. पुढचा योगायोग मात्र मजेदार आहे. १९३५ साली कलकत्ता विद्यापीठाने हे पुस्तक पुन्हा छापलं, तेव्हा शीर्षकपानावर भाषांतरकार म्हणून नाव राहिलं एकट्या बर्जेस यांचं. ज्याने टिपांसाठी रात्री जाळल्या तो व्हिटनी आत, प्रास्ताविकात. आणि नगर-साताऱ्याकडचे ते ज्योतिषी? शीर्षकपानावर ते १८६०लाही नव्हते.

काशीला परत येऊ. १८६६च्या जूनपासून कॉलेजने स्वतःचं मासिक काढलं, ‘द पंडित’, संस्कृत नाव ‘काशीविद्यासुधानिधि’. प्राचार्य ग्रिफिथ यांनी सुरू केलेलं, लाझारस कंपनीने छापलेलं. दुर्मिळ पोथ्या त्यात क्रमाने छापून येत. १८८९ साली बापूदेव निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी सुधाकर द्विवेदी आले. त्याच साली वराहमिहिराची ‘पंचसिद्धान्तिका’ बनारसमध्ये छापून निघाली. संपादक कोण? जी. थिबो ‘आणि’ महामहोपाध्याय सुधाकर द्विवेदी. थिबो याच कॉलेजचे माजी प्राचार्य, पक्के युरोपीय पंडित. पण इथे ‘साहाय्याने’ नाही, ‘आणि’ आहे. तीस वर्षांत, एकाच कॉलेजात, एक शब्द बदलला. तो आपोआप बदलला असं मला वाटत नाही. १८५८चा तो चार पानांचा लेख आणि १८६१च्या त्या तळटिपा यांनी तिथल्या पंडिताला ‘मदतनीस’ या खुर्चीतून उठवलं, असं मी मानतो. हे माझं मत. कागद दाखवा म्हणाल तर माझ्याकडे तेवढी शीर्षकपानंच आहेत.

आज या सगळ्याला नियम आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ला व्हँकूव्हरमध्ये बैठक घेतली, त्यातून लेखक कोणाला म्हणायचं याचे निकष पुढे तयार झाले: कामात खरा वाटा हवा, लिहिण्यात वा तपासण्यात भाग हवा, अंतिम मसुद्याला संमती हवी आणि चूक निघाली तर उत्तर द्यायची तयारी हवी. १९९७ला ब्रिटनमध्ये प्रकाशन-नीतीची समिती झाली, सगळे तिला कोप म्हणतात. आपल्याकडे यूजीसीने २०१८ला वाङ्मयचौर्याचे नियम आणले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, त्यापुढे चाळीस, साठ अशा पायऱ्या. आता प्रत्येक पीएचडीचा विद्यार्थी तो टक्का मोजत बसतो. हे यंत्र शब्द मोजतं. ‘साहाय्याने’ आणि ‘आणि’ यांतला फरक त्याला मोजता येत नाही.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी काशीतल्या मराठी घराण्यांवर मी एक लेख लिहिला. त्यासाठी दुर्गाघाटाजवळ राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मला मोडीतले कागद वाचून दिले. मला मोडी वाचता येते, पण अडखळत. आठ दिवस रोज सकाळी जायचो. काकू चहा आणून ठेवायच्या, काका भिंग घेऊन वाचायचे, मी लिहून घ्यायचो. एका पत्राची तारीख मी चुकीची धरली होती. त्यांनी शके आणि तिथी जुळवून दाखवली, आणि माझ्या लेखाचा सगळा युक्तिवादच उलटला. नव्या तारखेवरच लेख उभा राहिला. लेख छापून आला, साम्य चार टक्के, निर्दोष. तळटिपेत मी लिहिलं होतं: ‘स्थानिक अभ्यासकांचे आभार.’

प्रत घेऊन मी हौसेने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भिंग लावून सगळा लेख वाचला, अगदी टिपांसकट. मग म्हणाले, “छान झालंय हो. पण ही तारीख तुम्हाला कुठे मिळाली, ते नाही लिहिलंत.”

रागावले नव्हते. खरोखरच विचारत होते, पुढच्या माणसाला तपासता यावं म्हणून.

परत आल्यावर मी संपादकांना पत्र लिहिलं. पुढल्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती आली: त्या पत्राचं वाचन आणि कालनिश्चिती यांची आहे, पुढे काकांचं पूर्ण नाव. संपादकांनी विचारलं, एवढ्यासाठी जागा घालवायची का? मी बापूदेवांच्या पुस्तकातल्या एका पानाचा फोटो त्यांना पाठवला, ज्यात एका टिपेपुढे विल्किन्सनांची आद्याक्षरं आहेत आणि लगेच खालच्या टिपेपुढे बी. डी.