न झालेल्या सफरीचा कॅमेरा

१/ परदेशी सहलीला निघताना कोणता कॅमेरा सोबत न्यावा? खिशात मावणारा, की छायाचित्र उत्तम देणारा? सुमारे दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका बँक कारकुनापुढे हाच प्रश्न उभा राहिला. त्याने कॅमेरा घेतला. सहल मात्र झालीच नाही. त्या न झालेल्या सहलीने प्रवाशाच्या खांद्यावरचे ओझे कसे उतरवले, आणि ते नेमके कोणाच्या खांद्यावर गेले, याविषयी हा धागा. 🧵

२/ स्थळ : न्यूयॉर्क राज्यातले रॉचेस्टर शहर. काळ : १८७७-७८. जॉर्ज ईस्टमन हा तेव्हा तेविशी-चोविशीतला तरुण. वडील लवकर गेले, चौदाव्या वर्षी शाळा सुटली, पुढे बँकेत नोकरी लागली. कॅरिबियन बेटावरच्या सांतो दोमिंगोला जाण्याचा बेत त्याने आखला. एका सहकाऱ्याने सुचवले, ‘सफरीची छायाचित्रे काढून आण.’ ईस्टमनने सरंजाम खरेदी केला.

३/ सरंजाम हा शब्द इथे शोभून दिसतो. मोठ्या पेटीएवढा कॅमेरा, जड तिवई, काचा, काचा धरण्याची चौकट, रसायनांच्या बाटल्या, काचेची भांडी, पाण्याचा घडा आणि या सगळ्यासाठी एक तंबू! शिवाय हे सारे वापरायचे कसे, याची शिकवणी वेगळी. तिचे पाच डॉलर.

४/ तंबू कशासाठी? १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ‘ओल्या कोलोडियन’ची पद्धत जाहीर केली होती. काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव पसरायचा, काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि ती वाळण्यापूर्वी अंधारात रसायनांनी धुऊन प्रतिमा उमटवायची. काच वाळली की सारे फुकट. म्हणजे छायाचित्रकार जिथे जाईल तिथे त्याची अंधारखोलीही गेली पाहिजे.

५/ तरीही लोक जात होते. १८५६ पासून इंग्रज छायाचित्रकार फ्रान्सिस फ्रिथ याने इजिप्तच्या वाऱ्या केल्या. तिथल्या उन्हात तंबू इतका तापे की कोलोडियन काचेवर पसरतानाच उकळू लागे. अशा अवस्थेत त्याने सोळा इंच रुंद आणि वीस इंच लांब काचांवर पिरॅमिड आणि मंदिरे टिपली. ती छायाचित्रे आजही पाहणाऱ्याला थक्क करतात.

६/ आता आपल्याकडे येऊ. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्ये सिमल्याहून हिमालयात शिरला. सोबत सुमारे तीस हमाल होते. पुढच्या मोहिमांत ही संख्या वाढत गेली. या प्रवासांचे वृत्तांत त्याने इंग्लंडमधल्या छायाचित्रणाच्या नियतकालिकात छापले. त्यांत हिमशिखरांचे सौंदर्य आहे, तसेच हमाल ओझी टाकून पळून गेल्याच्या तक्रारीही आहेत. छायाचित्रांवर नाव बोर्नचे आहे. काचा ज्यांच्या पाठीवरून त्या उंचीवर पोहोचल्या, त्यांची नावे तिथे नाहीत.

७/ म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवू. कॅमेऱ्याचे वजन हा केवळ यंत्राचा गुण नाही. तो श्रमाचा प्रश्न आहे. ‘हा कॅमेरा किती जड?’ असे विचारताना ‘तो कोण वाहणार?’ हा प्रश्नही आपण विचारत असतो. बोर्नच्या काळी उत्तर डोळ्यांना दिसत होते. पुढे ते दिसेनासे झाले.

८/ ईस्टमनकडे हमालांची फौज नव्हती. सांतो दोमिंगोचा बेत बारगळला, पण छायाचित्रणाचे वेड लागले ते लागलेच. जिलेटिन वापरून कोरड्या काचा तयार करता येतात, हे त्याने इंग्रजी नियतकालिकांत वाचले. दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग, असा क्रम सुरू झाला. १८७९ मध्ये काचांवर लेप देण्याच्या यंत्रासाठी त्याने लंडनला जाऊन पेटंट मिळवले. १८८१ मध्ये हेन्री स्ट्राँग या भागीदारासह कंपनी उभी राहिली आणि ईस्टमनने बँक सोडली.

९/ कोरड्या काचेने काय साधले? काच कारखान्यात तयार होऊ लागली. ती महिनोन्‌महिने ठेवता येई आणि चित्र घेतल्यावर घरी येऊन सवडीने धुता येई. तंबू गेला, रसायने गेली, पाण्याचा घडाही गेला. काच मात्र राहिली, आणि काच जड असते व फुटते. तेव्हा पुढचा प्रश्न उघड होता : काचेऐवजी गुंडाळता येईल असे काही सापडेल का?

१०/ उत्तर १८८८ मध्ये बाजारात आले. त्याचे नाव ‘कोडॅक’. या शब्दाला कोणत्याही भाषेत अर्थ नाही. ईस्टमनला ‘के’ हे अक्षर आवडे, म्हणून तो घडवलेला. सुमारे साडेसहा इंच लांबीची पेटी, किंमत २५ डॉलर. आत शंभर छायाचित्रांचे रीळ आधीच भरलेले. दोरी ओढायची, बटण दाबायचे, चावी फिरवायची. झाले!

११/ या पेटीत काय नव्हते, तेही पाहण्याजोगे आहे. चौकट पाहायला झरोका नव्हता. वरच्या बाजूला कोरलेल्या रेषांवरून अंदाज बांधायचा. अंतर जुळवण्याची सोय नव्हती. चित्र अडीच इंच व्यासाचे, गोल. फ्रिथच्या वीस इंची काचेशी याची तुलनाच नको. ग्राहकाने तरीही ही पेटी निवडली. हलकेपणासाठी प्रतिमेची गुणवत्ता सोडून देण्याचा हा सौदा तेव्हापासून प्रत्येक लहान कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा झाला आहे.

१२/ कंपनीची जाहिरात जगप्रसिद्ध झाली : तुम्ही बटण दाबा, बाकीचे आम्ही करू. इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे ते ‘बाकीचे’ या शब्दापाशी. शंभर चित्रे संपली की ग्राहक अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला धाडी. दहा डॉलरमध्ये चित्रे छापून आणि नवे रीळ भरून तो परत येई. सुरुवातीची फिल्म कागदावर होती. प्रतिमेचा नाजूक थर कागदापासून सोडवून पारदर्शक आधारावर बसवावा लागे, आणि तेही शंभर वेळा! मग छपाई, मग पुठ्ठ्यावर चिकटवणे.

१३/ हे करणारे हात कोणाचे? कारखान्यातल्या कामगारांचे. कोडॅकने १८९१ मध्ये लंडनजवळच्या हॅरो येथे कारखाना काढला. तिथे छपाई सूर्यप्रकाशात होई : मोकळ्या जागेत चौकटींच्या रांगा मांडलेल्या आणि त्यांच्याकडे लक्ष देणाऱ्या कामगारांत अनेक स्त्रिया. बोर्नच्या हमालांचे काम नाहीसे झाले नव्हते. ते प्रवाशाच्या नजरेआड, एका कारखान्याच्या आवारात जाऊन बसले होते.

१४/ साखळी आणखी मागे जाते. जिलेटिन येते गुरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून. १८८२ मध्ये ईस्टमनच्या काचा अचानक निकामी ठरू लागल्या, तेव्हा दोष जिलेटिनच्या नव्या पुरवठ्यात सापडला. खरे कारण कळायला १९२० चे दशक उजाडले. कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल शेपर्ड यांनी दाखवले, की जिलेटिनमधल्या गंधकाच्या अत्यल्प संयुगांमुळे फिल्मची संवेदनशीलता वाढते, आणि ही संयुगे गुरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींतून येतात. सहलीच्या छायाचित्रात कुठल्या तरी कुरणातली मोहरीही होती!

१५/ श्रेयाचा हिशेबही सरळ नाही. १८८९ मध्ये ईस्टमनच्या कंपनीने सेल्युलॉइडची पारदर्शक फिल्म आणली. तशाच फिल्मच्या पेटंटसाठी हॅनिबल गुडविन या धर्मोपदेशकाने १८८७ मध्येच अर्ज केला होता. पेटंट हाती यायला १८९८ साल उजाडले. १९०० मध्ये गुडविन वारला. खटला पुढे चालला आणि १९१४ मध्ये ईस्टमनच्या कंपनीला ५० लाख डॉलर मोजावे लागले. मूळ संशोधकाला ते पाहता आले नाहीत.

१६/ याच फिल्मने आणखी एक दार उघडले : चलच्चित्राचे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला गेले, ते सहलीसाठी नव्हे, तर कॅमेऱ्यासाठी. तिथे त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला आणि कोडॅकच्या कोऱ्या फिल्मची मागणी नोंदवली. पुढल्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला. ईस्टमनने प्रवासासाठी कॅमेरा घेतला आणि प्रवास राहिला. फाळक्यांनी कॅमेऱ्यासाठी प्रवास केला.

१७/ किमती उतरत गेल्या. १८९५ मध्ये पाच डॉलरचा ‘पॉकेट कोडॅक’ आला, तर १९०० मध्ये एक डॉलरचा ‘ब्राउनी’. कॅमेऱ्याविना सुट्टी म्हणजे वाया गेलेली सुट्टी, असे जाहिराती सांगू लागल्या. पण कॅमेरा सर्वांहाती जाताच ज्यांची चित्रे निघत होती त्यांचा प्रश्न पुढे आला. १८९० मध्येच सॅम्युएल वॉरेन आणि लुई ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर गाजलेला लेख लिहिला. त्यात झटपट छायाचित्रांचा उल्लेख धोका म्हणून येतो. हलक्या कॅमेऱ्याचे हेही एक ओझे, समोरच्या माणसावर टाकलेले.

१८/ १९१२ चा ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’ घडी घातल्यावर जेमतेम एक इंच जाड होई. नावाप्रमाणे बंडीच्या खिशात बसे. ८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्व्हिन एव्हरेस्टच्या शिखराकडे निघाले, तेव्हा सहकारी सॉमरव्हेल यांनी दिलेला असाच कॅमेरा त्यांच्याकडे होता, असे मानले जाते. दोघे परतले नाहीत. मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, अर्व्हिनच्या पायाचे अवशेष २०२४ मध्ये. कॅमेरा अद्याप सापडलेला नाही. शिखर गाठले होते का, याचे उत्तर कदाचित त्या खिशातल्या फिल्मवर आहे.

१९/ जर्मनीत ऑस्कर बार्नाक या तंत्रज्ञाची अडचण अधिक साधी होती. त्याला दम्याचा त्रास होता. काचांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे जमेना. सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीत काम करताना त्याने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा घडवला. तो १९२५ च्या लाइपझिग जत्रेत ‘लायका’ या नावाने लोकांपुढे आला. २४ बाय ३६ मिलिमीटरची ती चौकट आजही ‘फुल फ्रेम’ म्हणून मोजमापाचे एकक आहे.

२०/ युद्धोत्तर जपानमध्ये हाच सौदा पुन्हा झाला. १९५९ मध्ये योशिहिसा माइतानी या तरुण अभियंत्याने ‘ऑलिंपस पेन’ साकारला. त्याने लायकाची चौकटच अर्धी केली : ३६ चित्रांच्या रिळात ७२ चित्रे. फिल्म महाग होती, तेव्हा ही बचत मोलाची होती. १ एप्रिल १९६४ पासून जपानी नागरिकांना पर्यटनासाठी परदेशी जाण्याची मुभा मिळाली : वर्षातून एकदा, सोबत जास्तीत जास्त ५०० डॉलर. त्या पहिल्या पिढीतल्या प्रवाशांसाठी खिशातला कॅमेरा केवळ छंद नव्हता. इतकी वर्षे बंद असलेले दार उघडल्याचा तो पुरावा होता.

२१/ पुढचे टप्पे भरभर. १९७७ च्या ‘कोनिका सी-३५ एएफ’ने अंतर जुळवण्याचे काम स्वतःकडे घेतले. त्याआधीच, १९७५ मध्ये, कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन यांनी फिल्मविना चालणारा कॅमेरा घडवला होता. तो होता सुमारे साडेतीन किलोचा, आणि एक चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. कंपनीचा धंदा मात्र फिल्मवर उभा होता. २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

२२/ आता कॅमेरा फोनमध्ये विरघळला आहे. निराळे वजनच उरले नाही. ‘बाकीचे आम्ही करू’ हे वचन मात्र कायम आहे. आपली चित्रे दूर कुठल्या तरी सर्व्हरवर साठतात; वीज आणि पाणी तिथे खर्च होते, देखभालीचे हात तिथे राबतात. रॉचेस्टरच्या कारखान्याला निदान टपालाचा पत्ता होता.

२३/ तर सहलीसाठी कॅमेरा निवडताना इतिहास काय सांगतो? प्रत्येक लहान कॅमेरा काहीतरी सोडून लहान झालेला असतो. दूरचे जवळ आणणारे भिंग हवे आणि आकारही छोटा हवा, तर संवेदक लहान होतो, आणि मंद प्रकाशात चित्र खरखरीत येते. संवेदक मोठा हवा, तर भिंगाची झेप कमी होते. आपण काय सोडायला तयार आहोत, हे आधी ठरवावे. यंत्र मग आपोआप ठरते.

२४/ दोन व्यावहारिक गोष्टीही सांगतो. महागडा कॅमेरा नेत असाल, तर जातानाच विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परतताना वाद उरत नाही. आणि सुट्या बॅटऱ्या हाताशी ठेवायच्या सामानात न्याव्यात.

२५/ १८९० चे एक छायाचित्र आहे. ‘गॅलिया’ जहाजाच्या डेकवर जॉर्ज ईस्टमन उभा आहे, हातात कोडॅकची पेटी. टिपणारा त्याचा स्नेही फ्रेडरिक चर्च. चित्र अर्थातच गोल. सांतो दोमिंगोला न गेलेला कारकून आता अटलांटिकवर आहे, आणि सोबत तंबू नाही, घडा नाही. मात्र त्या चौकटीबाहेर चित्र धुणारे, छापणारे आणि पुठ्ठ्यावर चिकटवणारे हात आहेत. आपले काम त्यांनाही चौकटीत आणण्याचे.

२६/ तुमच्या घरातला पहिला कॅमेरा कोणता होता? तो कोणी आणला, आणि जुन्या अल्बममध्ये कोणाचा चेहरा कधीच दिसत नाही, कारण कॅमेरा नेहमी त्याच माणसाच्या हाती असे? आठवणी खाली जरूर लिहा. घरोघरचा इतिहास अशाच नोंदींतून हाती लागतो. (समाप्त)