राजाला न सांगितलेला आजार

२३ सप्टेंबर १९५१. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यातील एका दालनाचे शस्त्रक्रियागृह करण्यात आले होते. सर्जन क्लेमेंट प्राइस थॉमस यांनी तेथे राजे सहावे जॉर्ज यांचे संपूर्ण डावे फुफ्फुस काढले. प्रजेला कळवण्यात आले, ते एवढेच की राजांच्या फुफ्फुसात ‘रचनात्मक बदल’ आढळले आहेत. कर्करोग हा शब्द निवेदनात नव्हता. खुद्द रुग्णालाही तो सांगण्यात आला नाही. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले.

आजचा थ्रेड या न उच्चारलेल्या शब्दाविषयी आहे. लढाया आणि तहांसाठी येथे येणाऱ्या मित्रांनी क्षमा करावी. हा विषय मी निवडलेला नाही, तो घरी चालत आला. गेल्या दिवाळीनंतर माझ्या वडिलांना फुफ्फुसाच्या कर्करोगाचे, तेही चौथ्या टप्प्याचे, निदान झाले. निवृत्त शाळामास्तर, आयुष्यात विडीला न शिवलेला माणूस. अहवाल हाती येताच काका म्हणाले, “दादाला यातलं काही कळता कामा नये.”

मला त्यांचा राग आला होता. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने रागावण्याआधी ही चाल कोठून आली ते पाहावे. १९६१ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयातील २१९ डॉक्टरांना विचारण्यात आले की कर्करोगाचे निदान तुम्ही रुग्णाला सांगता का. सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये अशाच पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने निघाले. अठरा वर्षांत एका व्यवसायाची नीती जवळजवळ उलटी झाली. डॉक्टर अचानक अधिक प्रामाणिक झाले, असे मला वाटत नाही. सांगितल्यानंतर पुढे काय, या प्रश्नाला त्यांच्याकडे थोडेफार उत्तर येऊ लागले होते.

आधी ते नव्हतेच. १९१२ मध्ये आयझॅक ॲडलर यांनी या रोगावर ग्रंथ लिहिला, तेव्हा इतक्या दुर्मीळ आजारावर लिहावे का, अशी शंका त्यांनाच होती. जगभरच्या नोंदी धुंडाळून त्यांना चारशेहूनही कमी रुग्ण सापडले. मग सिगारेट आली. १९३३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी जेम्स गिलमोर या डॉक्टर-रुग्णाचे एक फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढले आणि तो रुग्ण जगला. (१९५० मध्ये सिगारेट आणि हा कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्या अभ्यासात हेच ग्रॅहम सहलेखक होते. १९५७ मध्ये ते याच रोगाने गेले, तेव्हा गिलमोर हयात होते.) परंतु शस्त्रक्रिया उपयोगी पडत असे ती रोग एका जागी असताना. तो पसरल्यावर डॉक्टरांपाशी फारसे काही उरत नसे, आणि मग मौन हीच दया मानली जाई.

पसरलेल्या रोगावरील औषधांची वाट फार हळू उघडली. सिस्प्लॅटिन १९७८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, पण ते अन्य कर्करोगांसाठी. फुफ्फुसाच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात त्यामुळे वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे दहाने वाढते, हे अनेक चाचण्या एकत्र मोजून १९९५ मध्ये स्पष्ट झाले. शंभरात दहा. त्यासाठी उलट्या, अशक्तपणा आणि सलाइनच्या खुर्चीवरचे दिवस.

२००४ मध्ये बॉस्टनमधील संशोधकांनी दाखवले की काही रुग्णांच्या गाठीत ‘ईजीएफआर’ या जनुकात विशिष्ट बदल असतो आणि जेफिटिनिबची साधी गोळी अशांनाच विशेष लागू पडते. हा बदल आशियाई आणि धूम्रपान न करणाऱ्या रुग्णांत अधिक आढळतो. बाबांच्या तपासणीत तो निघाला.

येथे कथा परळला येते. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी अशा ३५० रुग्णांवर चाचणी केली. अर्ध्यांना नुसती गोळी, अर्ध्यांना गोळीसोबत केमोथेरपी. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ आठ महिन्यांवरून सोळावर गेला. मात्र गंभीर दुष्परिणाम २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. आता याहून नवी, महागडी औषधेही आहेत, पण त्यांच्याही बाबतीत सौदा साधारण असाच असतो.

दुसरा एक अभ्यास मी नातेवाइकांना अनेकदा वाचून दाखवला. बॉस्टनमध्येच, २०१० साली, हा रोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर देण्यात आली, म्हणजे वेदना, धाप, मळमळ आणि मनाची घालमेल यांवरची काळजी. त्यांना अखेरच्या दिवसांत आक्रमक उपचार कमी मिळाले, तरीही ते अधिक जगले: ८.९ ऐवजी ११.६ महिने. “म्हणजे हात टेकले म्हणायचे,” असे आत्या म्हणाल्या होत्या. हात कोणी टेकले नव्हते.

डॉक्टरांनी आमच्यासमोर गोळी किंवा गोळी अधिक केमो, असे दोन पर्याय ठेवले. आठ-सोळा आणि पंचवीस-एक्कावन्न यांतला हा हिशेब बाबांच्या वतीने कोण करणार होते? काका की मी? राजांच्या डॉक्टरांसमोर असा प्रश्न नव्हता.

मी एका कागदावर दोन रकाने आखले आणि बाबांसमोर बसलो. ते म्हणाले, “त्या विभागाबाहेरची पाटी मी चार वेळा वाचली आहे. तुम्ही कधी बोलता, याची वाट पाहत होतो.” मग त्यांनी विचारले, “महिन्यातले किती दिवस दवाखान्यात जातील?” मी वाचलेल्या शोधनिबंधांतून माझ्याकडे याचे उत्तर नव्हते. पुढच्या खेपेस त्यांनी ते डॉक्टरांनाच विचारले आणि गोळीसोबत केमो निवडली. ‘मी थांबा म्हणेन तेव्हा थांबायचे’ अशी अट त्यांनी त्याच कागदाखाली स्वतःच्या अक्षरात लिहिली. वेदनेसाठीचे डॉक्टरही त्याच आठवड्यात भेटले.

तीन फेऱ्या झाल्या आहेत. काका नातेवाइकांना फोनवर अजूनही सांगतात, “छातीत जरा पाणी झालंय.” बाबा शेजारच्या खोलीतून ते ऐकतात आणि हसतात.